‘आफ्टर’च्या आडोशाला

‘दुचाकी खड्ड्यात गेल्यानंतर तरुणाचा मृत्यू.’ असा मथळा मोबाइलवर दिसला की माझा हात अजून पेन शोधतो. खड्ड्यात गेल्यानंतर म्हणजे किती नंतर? घरी जाऊन, जेवूनखाऊन, दुसऱ्या दिवशी? आपल्याकडे माणूस खड्ड्यात आदळून मरतो, विहिरीत पडून मरतो, विजेचा धक्का लागून मरतो, भिंत अंगावर कोसळून मरतो. ‘नंतर’ मरायची पद्धत मराठीत अलीकडे आली, आणि ती इंग्रजी बातमीच्या बोटाला धरून आली.

माझी नोकरी रात्रपाळीची. वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी यायची, डाक आवृत्तीची वेळ डोक्यावर असायची आणि ती कॉपी मराठीत उतरवून पान सोडायचं असायचं. त्या धबडग्यात इंग्रजी व्याकरण शिकायला मिळालं ते कुठल्याही वर्गात मिळालं नसतं. एक झालं, मग दुसरं झालं, एवढी साधी गोष्ट सांगायला प्रत्येक भाषेची बांधणी वेगळी, आणि बातमी म्हणजे दुसरं काय असतं?

इंग्रजी बातमीत जे शेवटी घडलं ते आधी उभं राहतं. माणूस मेला हे पहिलं. तो पडला, त्याला मारलं, त्याला दवाखान्यात नेलं, हे सगळं मागे ‘आफ्टर’ला टांगलेलं. गोष्ट सरळ क्रमानं सांगायची असेल तर इंग्रजी साधा भूतकाळ एकापुढे एक ठेवते आणि मध्ये ‘अँड’ घालते. या ‘अँड’मध्ये काळ नाही, कारणही नाही, दोन्ही वाचणारा आपल्या पदरचं घालतो. ‘त्यांचं लग्न झालं आणि त्यांना मूल झालं’ हे वाक्य उलटं फिरवून पाहा. शब्द तेच राहतात, पण शेजारपाजारचे कान टवकारतात. क्रम मोडून मागे जायचं असेल तेव्हा ‘हॅड’ येतो. पेशंट आणि डॉक्टरचं ते सुप्रसिद्ध वाक्य घोकून आपण सगळे तो शिकलो. (त्या पेशंटला मरताना किती पिढ्यांनी पाहिलं असेल! डॉक्टर कधी वेळेवर आलाच नाही.)

खरी गंमत ‘आयएनजी’ची. ‘बस प्लंजेस इंटू गॉर्ज, किलिंग ट्वेल्व्ह.’ इथे कारण पूर्ण क्रियापदात आहे आणि परिणाम शेपटीला. मराठीत नेमकं उलट: ‘बस दरीत कोसळून बारा ठार.’ कारण ‘ऊन’ लावून आधी येतं, परिणाम वाक्याच्या शेवटी ठामपणे बसतो. नवा उपसंपादक हे न ओळखता ‘बस दरीत कोसळली, ज्यात बारा जणांचा मृत्यू झाला’ असं लिहायचा. आता यंत्रही तसंच लिहितं. निदान यंत्राला रात्रीचा चहा लागत नाही.

हा ‘ऊन’ फार काटेकोर आहे. ‘तो घरी येऊन झोपला’ यात दोन्ही कामं एकाच माणसाची, म्हणून तिथे नुसता क्रम चालतो. पण कर्ते दोन असतील तर ‘ऊन’ बहुधा कारण मागतो. ‘पाऊस पडून गारवा आला’ चालतं. ‘पाऊस पडून मी बँकेत गेलो’ हे वाक्य शाळेतलं पोरही हसून परत करील. म्हणजे ‘भिंत कोसळून मजूर ठार’ असं लिहिणारा माणूस भिंतीवर जबाबदारी टाकून मोकळा होतो. व्याकरणच त्याच्याकडून ती टाकून घेतं. ‘भिंत कोसळल्यानंतर मजुराचा मृत्यू’ असं लिहिणारा काहीच टाकत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

कारण या जागी काय काय दडू शकतं ते साऱ्या जगानं पाहिलं आहे. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड मरण पावला. पोलिसांनी काही तासांत काढलेल्या पत्रकाचा मथळा होता: ‘मॅन डाइज आफ्टर मेडिकल इन्सिडेंट ड्युरिंग पोलीस इंटरॅक्शन.’ या ओळीत क्रियापद एकच, आणि त्याचा कर्ता खुद्द फ्लॉइड. पोलीस फक्त ‘ड्युरिंग’च्या पलीकडे उभे. आतला मजकूर तर मथळ्याहून चलाख होता. अधिकाऱ्यांनी संशयिताला बेड्या घातल्या आणि त्याला शारीरिक त्रास होत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. दोन साधे भूतकाळ, मध्ये एक ‘अँड’. पुढे खटल्यात सरकारी वकिलांनी ज्युरींना सांगितलं की डेरेक शॉविनचा गुडघा ९ मिनिटं २९ सेकंद दाबलेला होता. ती सगळी मिनिटं त्या ‘अँड’मध्ये गडप झाली होती. व्याकरणात चूक नाही, एकेक शब्द घेतला तर खोटाही नाही. डार्नेला फ्रेझर या सतरा वर्षांच्या मुलीनं फोनवर चित्रण केलं नसतं, तर ते वाक्य तसंच जगभरच्या डेस्कांवर गेलं असतं आणि आम्हीही ते इमानेइतबारे मराठीत आणलं असतं. शॉविनला २० एप्रिल २०२१ रोजी ज्युरींनी खुनाबद्दल दोषी ठरवलं. त्याच वर्षी पुलित्झर मंडळानं फ्रेझरचा विशेष गौरव केला.

‘आफ्टर’ उलट्या बाजूनंही चावतो. १६ जानेवारी २०२१ ला देशात कोविडची लस सुरू झाली आणि ‘लस घेतल्यानंतर मृत्यू’ असे मथळे दिसू लागले. वैद्यकशास्त्रात लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची नोंद ठेवतात, तेव्हा ‘नंतर’ हा शब्द मुद्दाम निवडलेला असतो. लसीमुळे झालं की नाही हे अजून ठरायचं आहे, एवढंच त्यातून सांगायचं असतं. लस घेतलेल्या लाखो माणसांत काहींना त्याच आठवड्यात हृदयविकाराचा झटका येणारच, लस घेतली असती तरी आणि नसती तरी. पण घरी पेपर वाचणारी आजी ‘नंतर’ वाचत नाही, ‘मुळे’ वाचते. जिथे कारण आहे तिथे ते झाकायला आणि जिथे नाही तिथे ते सुचवायला एकच शब्द पुरतो, ही सोय लिहिणाऱ्याची. भुर्दंड वाचणाऱ्याला.

मराठी धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे ‘झाला’ आहे. लाठीमार झाला, गोळीबार झाला, दिरंगाई झाली; कोणी केली ते विचारू नका. ‘ऊन’सुद्धा कारणापर्यंत नेतो, माणसापर्यंत नेतोच असं नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. ‘मॅनहोलमध्ये पडून मृत्यू’ हे बरोबरच आहे. पण झाकण कोणी काढलं, हे सांगायला वेगळं वाक्य लागतं आणि त्या वाक्याला कर्ता लागतो. तो मिळवायला बातमीदाराला बाहेर पडावं लागतं.

डेस्कवरची मंडळी यावर म्हणतील की कोठडीत माणूस गेला, शवविच्छेदनाचा अहवाल आलेला नाही, मग आम्ही ‘मारहाणीत मृत्यू’ छापून मानहानीची नोटीस ओढवून घ्यायची का? अजिबात नाही. पण त्यासाठी ‘नंतर’च्या आडोशाला जायची गरज नाही. ‘मारहाणीत मृत्यू झाल्याचा नातेवाइकांचा आरोप’ ही ओळ मराठी पेपरांनी वर्षानुवर्षं छापली आहे. त्यात म्हणणारा कोण, म्हणणं काय आणि ते सिद्ध झालेलं नाही, हे तिन्ही आहे. तीही जड वाटत असेल तर ‘कोठडीत मृत्यू, कारण अस्पष्ट’ लिहा. सिंगल कॉलमात बसतं, मी बसवून पाहिलं आहे. आणि कारण माहीत असेल, खड्डा समोर असेल, भिंत पडलेली दिसत असेल, तर ‘ऊन’ लावायला कोणाच्या परवानगीची वाट पाहता?