कॅडिलॅकचा पहिला हंगाम: पैसा आहे, पण घाई चालणार नाही

फॉर्म्युला वनमध्ये यंदा अकरावा संघ उतरतोय, अमेरिकेचा कॅडिलॅक. ८ मार्च २०२६ ला मेलबर्नमध्ये त्याची पहिली परीक्षा आहे. रविवारी शर्यत बघणारी घरातली पोरं विचारतात, हा संघ जिंकेल का? आमचं उत्तर सरळ आहे: यंदा नाही.

२०१० मध्ये तीन नवे संघ आले होते. वर्षभरात एकालाही एक गुण मिळाला नाही. हिस्पानियाची गाडी इतकी उशिरा तयार झाली, की चेन्नईच्या करुण चंढोकने ती पहिल्यांदा थेट पात्रता फेरीतच चालवली. उलट २०१६ मध्ये हासने फेरारीचं इंजिन आणि बरेच सुटे भाग घेतले आणि पहिल्याच शर्यतीत सहावा क्रमांक मिळवला.

कॅडिलॅककडेही फेरारीचंच इंजिन आहे. पेरेझ आणि बोटास यांचे मिळून १६ विजय आहेत, पण २०२५ मध्ये दोघंही एकाही शर्यतीत उतरले नाहीत. नियम मात्र सगळ्यांनाच नवे, ही जमेची बाजू.

म्हणून आम्ही क्रमांकापेक्षा दोन गोष्टी बघू: गाडी शर्यत पूर्ण करते का आणि पुढच्यांशी अंतर कमी होतं का. जनरल मोटर्सचं स्वतःचं इंजिन २०२९ च्या सुमारास अपेक्षित आहे. खरा हिशोब तेव्हाच करावा.