सोनेरी काचेच्या खाली

टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, लॅपटॉपच्या स्टिकरवर, फोनच्या वॉलपेपरवर, जिथं बघाल तिथं ते एकच हेल्मेट आहे. गोल, पांढरं, समोर सोनेरी काच आणि काचेत चंद्राची उजाड जमीन. मूळ फोटो जुलै 1969 चा. उभा आहे बझ ऑल्ड्रिन, फोटो काढलाय नील आर्मस्ट्राँगनं, आणि तो स्वतः ऑल्ड्रिनच्या काचेत इवलासा दिसतो. फोटो अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण आहे त्यातून निघालेल्या चिन्हाशी. हे चिन्ह बहुतेक वेळा हनुवटीपाशी छाटलेलं असतं. मान गायब. आणि माझ्या मते त्या अख्ख्या हेल्मेटमध्ये बघण्यासारखं जे काही आहे, ते मानेपाशीच आहे.

मुळात आपण ज्याला हेल्मेट म्हणतो ते हेल्मेट नव्हेच. ती वरून घातलेली टोपी. यानाबाहेर पडताना चढवायची, आत आलं की काढायची. कडक कवच, एक पारदर्शक संरक्षक काच, तिच्यावर सोन्याचा पातळ थर दिलेली उन्हाची काच. खरं हेल्मेट या टोपीच्या आत असतं: पॉलिकार्बोनेटचा आरपार दिसणारा घुमट, मासे ठेवायचं काचेचं भांडं उपडं घातल्यासारखा. मागच्या बाजूला डोकं टेकायला गादी, तिच्यातून ऑक्सिजन चेहऱ्यावर येतो आणि उच्छ्वास खाली लोटतो, शिवाय काचेवर वाफ धरू देत नाही. डाव्या बाजूला एक छोटं बंद होणारं छिद्र, नळी आत घालण्यापुरतं. आणि तळाशी लाल रंगाचं ॲल्युमिनियमचं कडं.

या कड्यापाशी थांबा. सूटच्या गळ्याला त्याचा जोडीदार असतो, दुसरं कडं. हेल्मेट खुणेवर खुण ठेवून बसवायचं, खिट्ट्या अडकतात, वरून लॉक फिरवायचं, आणि दोन कड्यांच्या मधलं रबरी सील दाबलं जातं. बस्स. आत माणूस, बाहेर निर्वात, मधे एक रबर.

कुकरची रिंग, असं तुमच्या मनात आलं असेल तर बरोबरच आलं. शिट्टीच्या वेळी कुकरमधला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण 15 पीएसआय जास्त असतो, अपोलोच्या सूटमध्ये तो फक्त 3.7. म्हणजे कुकरच्या चौथा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गळ्याचा व्यास पाऊण फूट धरून हिशेब करा: शंभर किलोंहून जास्त जोर ते हेल्मेट वर उडवून द्यायला बघत असतो, सतत, तासन्‌तास. शिवाय कुकरची रिंग सैल झाली तर डाळ कच्ची राहते. इथं काय होतं ते 1966 साली ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात दिसलं. जिम लब्लँक नावाच्या तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली (मानेचा जोड नव्हे, पण दाबाला कुठलंही भोक सारखंच). साधारण 14 सेकंदांत तो बेशुद्ध पडला. शेवटची आठवण काय, तर जिभेवरची लाळ उकळत असल्याची. कक्षात लगेच हवा भरली म्हणून वाचला.

जेमिनीच्या सूटमध्ये हेल्मेट डोक्याबरोबर वळायचं, त्यासाठी मानेत बेअरिंग होतं. अपोलोत ते काढून टाकलं. हेल्मेट स्थिर, घुमट पुरेसा मोठा, डोकं आतल्या आत वळवा. गळ्याशी एक फिरता भाग कमी झाला, म्हणजे झिजायला आणि गळायला एक जागा कमी. माझ्या लेखी हा निर्णय सोनेरी काचेपेक्षा कितीतरी देखणा आहे, पण तो पोस्टरवर छापता येत नाही.

आता त्या विनोदाकडे येतो, ज्यामुळे मी हे लिहायला बसलो. ‘चांद्रवीरांचे कपडे ब्रा शिवणाऱ्या कंपनीनं बनवले!’ दर काही महिन्यांनी ही रील फिरते, खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. माहिती खरी आहे. डेलावेअरमधल्या डोव्हरची आयएलसी, म्हणजे इंटरनॅशनल लॅटेक्स कॉर्पोरेशन. प्लेटेक्स या नावानं ब्रा, गर्डल आणि बाळांच्या रबरी चड्ड्या विकणारी. पण यात हसण्यासारखं नेमकं काय आहे? शरीराला घट्ट बसणारी, ताणली जाणारी आणि तरी हालचाल करू देणारी वस्तू रबर आणि कापडातून बनवणं ही विद्या त्यांच्याकडे होती. इतरांकडे होती धातूची आणि विमानांची विद्या. 1965 साली नासानं तीन सूटांची तुलना केली, तेव्हा एका स्पर्धकाच्या सूटचं हेल्मेटच उडालं आणि दुसऱ्याचे खांदे इतके फुगले की आतल्या माणसाला यानाच्या दारातून परत जाता येईना. आयएलसीचा सूट जिंकला. हा चमत्कार नव्हता आणि अपघातही नव्हता.

तिथल्या बायकांना सांगितलं होतं: टाका एक चौसष्टांश इंचापेक्षा इकडेतिकडे होता कामा नये. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. टाचण्यांवर करडी नजर, कारण विसरलेली एक टाचणी म्हणजे दाब धरणाऱ्या रबराला भोक, आणि शिवलेले थर एक्स-रेखाली तपासले जायचे. एलिनॉर फोरेकर यांच्यासारख्या काहींची नावं आज सापडतात, बहुतेकींची नाहीत. हेल्मेटाचा घुमट आणि कडी बनवणाऱ्या कनेक्टिकटच्या एअर-लॉक कंपनीतल्या कारागिरांची तर त्याहून कमी. ‘शिवणकाम’ म्हटलं की आपल्याकडे हौस किंवा गरज आठवते, ‘इंजिनिअरिंग’ म्हटलं की पगार. मानेचं कडं या वाटणीला जुमानत नाही. त्याचा एक काठ लेथवरून आलेला धातू आहे आणि दुसरा काठ हातानं जोडलेलं रबर नि कापड. यातलं एक सुटलं की दुसरं भंगार.

‘विनोदामुळे का होईना, त्या बायकांची गोष्ट पोचली ना?’ असं एक मित्र म्हणाला. पोचली, पण गंमत म्हणून पोचली. गंमत म्हणून पोचलेल्या माणसांच्या कामाबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

विचारला असता तर अपोलो 12 ची धूळ कळली असती. चंद्राची धूळ वाळूसारखी गोटीव नसते, तिच्या कडा काचेच्या चुऱ्यासारख्या तीक्ष्ण राहतात, कारण तिला झिजवायला तिथं वाराही नाही आणि पाणीही नाही. ती सगळ्या जोडांत शिरली. पीट कॉनरॅडचा सूट पहिल्या फेरीनंतर मिनिटाला 0.15 पीएसआय गळत होता, दुसऱ्या फेरीनंतर 0.25. मर्यादा होती 0.30. तिसरी फेरी ठरलेलीच नव्हती, हे नशीब. अपोलो 15 पासून तीन-तीन फेऱ्या आणि चंद्रावरची गाडी आली, तेव्हा सूट बदलला: बसून वाकता यावं म्हणून कमरेला सांधा, गाडी चालवताना नीट दिसावं म्हणून मानेलाही एक. मान, बघा, पुन्हा मान. आता पुन्हा माणसं तिकडे पाठवायच्या गप्पा चालल्या आहेत, दिवसांच्या नव्हे, आठवड्यांच्या मुक्कामाच्या. व्हिडिओंमध्ये रॉकेट दाखवतात. सीलमध्ये धूळ गेली तर काय, हे मला अजून एकाही ट्रेलरमध्ये दिसलेलं नाही.

आर्मस्ट्राँगच्या सूटसाठी स्मिथसोनियन संग्रहालयानं 2015 मध्ये लोकवर्गणी काढली, सात लाख डॉलरच्या वर जमले, आणि जुलै 2019 मध्ये तो पुन्हा लोकांसमोर आला. पैसे कशाला लागले? सोनेरी काच चकचकीत करायला नव्हे. काही महिने टिकावं म्हणून बनवलेलं रबर अर्धशतकात कडक होऊन तडकत होतं. जुन्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून सुटणाऱ्या वाफा ॲल्युमिनियमचे जोड खात होत्या. म्हणून आता तो खास पुतळ्यावर घातलाय, थंड आणि कोरड्या हवेत, आणि ती हवा गाळून सूटच्या आतूनही खेळवली जाते. ज्या कपड्याचं सगळं काम हवा अडवून धरणं हे होतं, तो आज तिच्या जाण्यायेण्यावर टिकून आहे.