रंग दुरुस्त करा, माणसं गोरी करू नका

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की मोबाईलवर एकच माल फिरू लागतो: 'बाबासाहेबांचा ओरिजिनल कलर व्हिडिओ, एचडी.' ओरिजिनल आणि कलर हे दोन शब्द शेजारी ठेवताना कुणालाच काही खटकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेची जी चित्रफीत आपण वर्षानुवर्षे पाहत आलो, ती कृष्णधवल आहे. कृष्णधवल फिल्मवर रंगाची नोंद झालेलीच नसते. कुठून किती उजेड आला, एवढाच हिशेब तिच्याकडे असतो. म्हणून तिच्यातून रंग 'परत' आणता येत नाही. सॉफ्टवेअर लाखो परक्या चित्रांवरून अंदाज बांधते आणि तो अंदाज वरून फासते. भदंत चंद्रमणी यांचे चीवर नेमक्या कोणत्या छटेचे होते, हे त्या यंत्राला कसे ठाऊक असणार? म्हणून ते आता नारिंगी दिसते आणि मान वळली की तपकिरी.

चीवरापुरते हे थांबले असते तर आम्ही लिहायला बसलो नसतो. पण त्या अंदाजात माणसाची कातडीही येते. दीक्षेला आलेली लाखो माणसे उन्हातान्हात राबणारी होती. त्यांच्या चेहऱ्यांवर सरसकट एक गुलाबीसर थर चढतो. त्यावर आपलाच एखादा पोरगा 'फेस उजळ दिसत नाही' म्हणून ब्राइटनेस ओढतो. व्ह्यूज मिळतात, खाली शेकडो 'जय भीम' पडतात. याला निव्वळ तांत्रिक गडबड म्हणायला आम्ही तयार नाही.

रंगाचे तंत्र तटस्थ असते हा गैरसमज आधी काढून टाका. कोडॅक कंपनीने विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रयोगशाळांना एक नमुना-कार्ड पाठवले. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे आणि त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट दिसली की छपाई नीट, हा मापदंड. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर अंधारात बुडायचे, तपशील दिसायचा नाही. कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी हा इतिहास मांडला आहे. कंपनीवर फिल्म सुधारण्यासाठी दबाव कुणाचा आला, तर चॉकलेटवाल्यांचा आणि फर्निचरवाल्यांचा! गडद लाकूड आणि फिकट लाकूड यातला फरक फोटोत येत नव्हता म्हणून. काळ्या माणसाच्या आईबापांची तक्रार पुरेशी नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिग्दर्शक गोदार मोझांबिकमध्ये काम करायला गेला, तेव्हा ही फिल्म वंशवादी आहे असे सांगून त्याने ती वापरायला नकार दिला. ते लोक परके होते, फिल्म परक्याच्या हातात होती. आज मोबाईल आपल्या हातात आहे आणि शर्ली आपल्या डोक्यात बसली आहे.

यावर काही मित्र म्हणतात, कातडीचा रंग दुरुस्त करायचा तर चेहरा उजळावाच लागतो. साफ खोटे. रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टरस्कोप नावाचे गोल मापक असते. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही ते आहे. त्यावर कातडीसाठी एक रेषा धरतात. जगातल्या बहुतेक माणसांची कातडी, सावळी असो, काळी असो की गोरी, त्याच रेषेच्या आसपास पडते. फरक असतो तो उजेडाचा, आणि उजेड व्हेक्टरस्कोपवर दिसतच नाही. म्हणजे ट्यूबलाइटखाली हिरवट पडलेला चेहरा त्या रेषेवर आणला की दुरुस्ती झाली. त्यापुढे उजेडाची कळ ओढणे हा तुमचा निर्णय आहे. तो यंत्राच्या माथी मारू नका.

आता खऱ्या कामाकडे येऊ, ज्याला कुणी हात लावत नाही. आपल्या वस्त्यांमध्ये, जुन्या कपाटांवर, पत्र्याच्या पेट्यांत व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. नामांतराच्या मोर्च्यांच्या, जयंतीच्या मिरवणुकांच्या, गायनपार्ट्यांच्या सामन्यांच्या, धम्म परिषदांच्या. त्या रंगीत आहेत. लावून पाहिल्या की पुष्कळदा चित्र कृष्णधवल येते आणि आपण म्हणतो, रंग उडाला. थांबा. या कॅसेटीत उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. रंगाचा सिग्नल कमजोर वाटला की प्लेयर स्वतःच रंग बंद करतो, म्हणजे रंगीत कचरा दिसू नये. टेपवर रंग शिल्लक असू शकतो. हेड साफ करून घ्या, ट्रॅकिंग फिरवा, दुसऱ्या प्लेयरवर लावा. संगणकावर उतरवून घेताना पाल आणि एनटीएससी यांतली निवड चुकली तरी रंग जातो. आपल्याकडच्या कॅसेटी साधारणपणे पाल, अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेल्या कॅमेऱ्यातल्या एनटीएससी. हे सगळे न तपासता एआयला 'रंग भर' सांगणे म्हणजे घरात धान्य असताना उधारी करणे.

रंग बिघडलेला असेल तर फ्रेममध्ये पांढरे काय आहे ते शोधा आणि त्यावरून तोल लावा. आपल्या कार्यक्रमांत पांढऱ्या वस्त्रांना तोटा नाही. मात्र नीळ घातलेली साडी धरू नका, ती पांढरी दिसते पण असते निळसर, आणि तिच्यावरून तोल लावला की सगळी सभा पिवळी होते. पंचशील ध्वजाचा पांढरा पट्टा मिळाला तर उत्तम. झेंड्याचा निळा राखाडी झाला असेल तर तोही बेतानेच वाढवा. चुना फासल्यासारखा भडक निळा त्या दिवशी कुणाच्याही हातात नव्हता.

रंग भरणे हा गुन्हा आहे असे आम्ही म्हणत नाही. 'मुघल-ए-आझम' २००४ साली पूर्ण रंगीत करून पुन्हा दाखवला, तो रंगीत केलेला आहे हे सांगूनच. पण २०२१ साली कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या बळींचे फोटो एका आयरिश माणसाने रंगवले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू चढवले. कंबोडिया सरकारने निषेध केला, तेव्हा ते प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळाने काढून टाकले. मारल्या गेलेल्या माणसाला हसवणे आणि राबलेल्या माणसाला गोरे करणे यात फार अंतर आहे असे आम्हाला वाटत नाही. आणि आपली छायाचित्रणे नुसती आठवण नसतात, उद्या पुरावाही असतात. कुठल्या मोर्च्यात काठी कुणाच्या हातात होती हा प्रश्न कोर्टात आला, तर पहिली विचारणा होईल ती मूळ फाइलची. 'ब्यूटी' मारलेली क्लिप तिथे टिकणार नाही.

तेव्हा जी पोरे एडिटिंग करतात त्यांनी एवढे करावे. टेपवरून उतरलेली पहिली फाइल हात न लावता दोन डिस्कवर ठेवावी. दुरुस्ती वेगळ्या प्रतीवर करावी आणि काय बदलले ते दोन ओळींत लिहावे. अंदाजाने रंग भरला असेल तर तसे चित्रावरच लिहावे, 'ओरिजिनल' म्हणू नये. आणि पेट्या पावसाळ्याच्या आत उघडाव्यात. दमट हवेत टेपला बुरशी धरते, आणि बुरशी लागलेली कॅसेट साफ न करता प्लेयरमध्ये घातली तर टेपही जाते आणि प्लेयरचे हेडही.