घासाघीस करायची असेल तर मासुन्तेला जाऊ नका

अमेरिकेचा वैध व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. त्यामुळे टेक्सास-कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी सुट्टी लागली की मेक्सिकोचा किनारा गाठतात आणि परतल्यावर सल्ले वाटत सुटतात. खोलीचं भाडं निम्म्यावर कसं आणायचं, मासळीचं ताट कुठे स्वस्त मिळतं, फोटोला उजेड कधी चांगला असतो. ज्या गावात राहिलो ते गाव कशावर जगतं, याची चौकशी त्यात कुठेच नसते. असले सल्ले वाचून मला चीड येते.

वाहाका राज्यातलं मासुन्ते घ्या. पॅसिफिकच्या काठावरचं हे गाव एकेकाळी कासवं मारून पोट भरायचं. शेजारच्या सान आगुस्तिनियोत कत्तलखाना होता. १९९० मध्ये सरकारने समुद्री कासवांच्या शिकारीवर बंदी घातली आणि गावाचा रोजगार गेला. पुढे तिथे राष्ट्रीय कासव केंद्र आलं, गावकऱ्यांनी नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांची सहकारी संस्था काढली, घराघरांतून खोल्या आणि खानावळी निघाल्या. आज हे गाव पर्यटकांच्या पैशावर चालतं. म्हणजे तिथे तुम्ही भाडं पाडता, तेव्हा कासव न मारण्याचा मोबदलाच पाडता.

म्हणून पहिला सल्ला: सांगितलेला भाव मुकाट्याने द्या, तोही रोख पेसोत. डॉलर पुढे करू नका. पैसे पोचुत्ला या बाजारगावातल्या बँकेतून काढून घ्या. एटीएमने तुमच्या चलनात हिशेब करू का असं विचारलं तर नकार द्या, नाहीतर वाईट दर गळ्यात पडतो. पोचुत्लाहून पुढे कामियोनेता मिळते: मागे दोन बाजूंना बाकं, वर ताडपत्री असलेला पिकअप ट्रक. हात केला की थांबतो. उतरल्यावर चालकाच्या हातात भाड्याची नाणी द्यायची, म्हणून सुटे जवळ ठेवा.

मेक्सिकोत किनारा कायद्याने सर्वांचा आहे. छपराखालची खुर्ची मात्र खानावळीची आहे. तिथे दिवसभर पाय पसरून घरून आणलेला डबा उघडणं ही लूट आहे. शाकाहारी असाल तर ऑर्डर देण्याआधीच ‘सिन मांतेका’, म्हणजे ‘चरबी नको’, म्हणा, कारण तिथल्या घेवड्याच्या उसळीत बरेचदा डुकराची चरबी असते. ताट समोर आल्यावर स्वयंपाकिणीवर डाफरण्यात कसला धर्म आला? नळाचं पाणी पिऊ नका. वीस लिटरचा गार्राफोन, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन, घ्या आणि रिकामा झाला की बदलून आणा. छोट्या बाटल्यांचा ढीग गावाच्या उरावर टाकू नका.

समुद्राशी तर मस्ती नकोच. शेजारच्या सिपोलितेचे प्रवाह माणसाला आत ओढून नेतात. लाल बावटा दिसला की पाण्यात पाऊल टाकू नका. ओढले गेलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा. सिपोलितेवर लोक विवस्त्र फिरतात, त्याला तिथे मुभा आहे. चोरून मोबाइल रोखणारा पर्यटक हाच तिथला एकमेव असभ्य माणूस.

आणि कासवं. जवळच्या ला एस्कोबियावर ऑलिव्ह रिडलेच्या हजारो माद्या एकाच वेळी अंडी घालायला येतात. पिल्लं समुद्राकडे निघाली की दहा-बारा माणसं वाकून फ्लॅश मारत असतात, कोणी पिल्लू तळहातावर घेऊन सेल्फी काढतं. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. तुमच्या फ्लॅशने ती वाट चुकतात आणि वाळूतच मरतात. हात लावू नका, दिवा लावू नका, मागे उभे राहा.

हेच ऑलिव्ह रिडले आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला येतं. तिथे आपण गावकऱ्यांच्या घरी राहतो, जेवतो, मागितले तेवढे पैसे देतो, आणि त्याच पैशामुळे घरटी राखणं गावाला परवडतं. वेळासला जो शहाणपणा कळतो तो विमानात बसल्यावर कुठे जातो?

पूर्ण भाडं परवडत नसेल तर आणखी वर्षभर पैसे साठवा आणि मग जा. गाव स्वस्तात लुटण्याचा हक्क तुमच्या पासपोर्टवर कोणीही शिक्का मारून दिलेला नाही.