वर्षाला बावन्न पुस्तकं

तर झालं असं, की माझ्या मावसभावाने एक ऑनलाइन वाचनगट काढला. वय वर्षं चोवीस, मुक्काम वाकड, पेशाने टेस्टर. गटाचं नाव सांगत नाही, पण त्यात 'ग्रोथ' हा शब्द आहे एवढं सांगितलं तरी बाकीचं तुमच्या लक्षात येईल. तरुणांनी तरुणांसाठी, स्वतःला घडवण्यासाठी वगैरे वगैरे. दर रविवारी सकाळी सात वाजता (रविवारी! सकाळी! सात!) व्हिडिओ कॉल. आठवड्याला एक पुस्तक, वर्षाला बावन्न. "दादा, तू एवढं वाचतोस, तू ये ना, मेंटॉर म्हणून." आता मेंटॉर म्हटल्यावर कुठलाही मध्यमवयीन इंजिनियर विरघळतोच. मीही विरघळलो. चार महिने त्या गटात होतो, त्यामुळे खाली जे काही लिहिणार आहे ते घरातलंच भांडण समजा.

आधीच सांगून टाकतो. तरुण मुलांनी एकत्र येऊन वाचावं याला माझा विरोध नाही. ऑनलाइनला तर नाहीच नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून संध्याकाळी कोण कुणाकडे पुस्तक घेऊन जाणार आहे? शिवाय गटात एक मुलगा उदगीरचा, एक मुलगी न्यू जर्सीची. या दोघांना एका खोलीत आणायचं तर दुसरा उपाय नाही. माझं भांडण आहे ते त्या खोलीत आणून आपण त्यांना काय देतो त्याच्याशी.

हिशेब करा. अडीचशे पानांचं पुस्तक, पानाला दोन मिनिटं धरली तर पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तासांच्या वर. आमच्या गटात अडतीस जण होते. नोकरी, प्रवास, ओटीपी, किराणा, घरच्यांचे फोन हे सगळं करून आठवड्याला आठ तास काढणारे त्यात फार तर तीन असतील. मग उरलेले पस्तीस काय करायचे? सारांश ऐकायचे. दीड पट वेगाने, जिममध्ये. पुढे पुढे तर ज्याच्यावर पुस्तक मांडायची पाळी असायची त्यानेही ते उघडलेलं नसायचं. एआयकडून दहा मुद्दे काढून घ्यायचे, स्लाइडवर चिकटवायचे, आणि आम्ही काळ्या चौकोनांनी ते बघत बसायचं. शेवटी प्रत्येकाने चॅटमध्ये एक 'टेकअवे' टाकायचा. "अमेझिंग इनसाइट्स!" "सो रिलेटेबल!" ज्यांनी कोड रिव्ह्यू केलेला आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. शुक्रवारचे साडेसहा वाजलेले असतात, चारशे ओळींचा बदल रिव्ह्यूला येतो, आपण वरपासून खालपर्यंत स्क्रोल करतो, 'एलजीटीएम' लिहितो आणि लॅपटॉप मिटतो. 'अमेझिंग इनसाइट्स' म्हणजे वाचनगटांचं एलजीटीएम.

पुस्तकं कुठली, हे तुम्ही न बघता सांगू शकाल. 'थिंक अँड ग्रो रिच' (1937 चं), 'सेव्हन हॅबिट्स' (1989), 'रिच डॅड पुअर डॅड' (1997), 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' (2018). सिग्नलला लाल दिवा लागला की काचेवर जी थप्पी येऊन टेकते ती. यातली सगळी टाकाऊ आहेत असं म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. कॉलेजात असताना मी डेल कार्नेगीचं मराठी भाषांतर एसटीत बसून वाचलं होतं, आणि समोरच्या माणसाचं नाव लक्षात ठेवावं ही साधी गोष्ट मी त्यातूनच शिकलो. आजतागायत उपयोगी पडते. पण अशी बावन्न पुस्तकं ओळीने घेतली की एक गंमत होते. प्रत्येक पुस्तक वेगळ्या रंगात एकच गोष्ट सांगतं, की तुझं जे काही बरंवाईट झालं ते तुझ्यामुळे झालं. एकदा ऐकलं की हुरूप येतो. बावन्न वेळा ऐकलं की माणूस तेवढंच बघायला लागतो.

आता ती उदगीरच्या मुलाची गोष्ट.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, लातूरला इंजिनियरिंग, पुण्यात पहिली नोकरी. 2023 च्या मे महिन्यात परदेशी क्लायंटने प्रोजेक्ट बंद केला. दोन महिने बेंचवर बसवला, मग एचआरने बोलावून राजीनामा लिहून घेतला. (काढलं असं म्हणायचं नाही. राजीनामाच.) भाडं परवडेना म्हणून पोरगा गावी गेला आणि तिथून कॉलला यायचा. त्या रविवारचं पुस्तक होतं 'सगळ्या अपयशाची जबाबदारी स्वतःवर घ्या' या छापाचं. स्लाइड्स संपल्यावर त्याने माइक चालू केला. पाठीमागे कोंबडा ओरडत होता, ते आठवतंय. म्हणाला, "सर, एक विचारू का? प्रोजेक्ट क्लायंटने बंद केला. मग यात माझी जबाबदारी नेमकी कुठली धरायची?"

मला सांगा, चार महिन्यांत त्या गटात विचारलेला हा एकमेव खरा प्रश्न होता की नाही? पुस्तकाला थेट भिडणारा. उत्तर काय मिळालं? "बघ मित्रा, यालाच व्हिक्टिम माइंडसेट म्हणतात." त्यावर सात-आठ अंगठे आले. कुणीतरी 'शंभर टक्के' लिहिलं. पोरगा "ओके सर" म्हणाला आणि माइक बंद झाला.

आणि मेंटॉर? मेंटॉर म्यूटवर ऑम्लेट करत होते.

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं याचं कारण वेगळंच आहे. त्याच उन्हाळ्यात माझ्या मॅनेजरने मला एक एक्सेल शीट पाठवली होती. टीम अकराची, आकडा नऊवर आणायचा, दोन नावं गुरुवारपर्यंत. कुणाच्या सवयी कशा आहेत, कोण पहाटे उठतो, कोण जर्नल लिहितो, असा कॉलमच त्या शीटमध्ये नव्हता. पगार होता, बिलिंग होतं, अकाउंटचं नाव होतं. मी दोन नावं दिली. म्हणजे अडतीस जणांमध्ये त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर ज्याला पक्कं माहीत होतं असा मी होतो, आणि मी अंडं उलटत होतो. दोन आठवड्यांनी तो गटातून गेला. 'लेफ्ट' एवढीच करड्या अक्षरांतली ओळ. कुणी विचारलंही नाही. पुढचं पुस्तक होतं ना.

"अरे पण निदान वाचतात तरी ना! रील्स बघण्यापेक्षा बरं." हा मुद्दा माझ्या बायकोपासून मावसभावापर्यंत सगळ्यांनी मांडून झालाय. मला तो पटत नाही. रील बघणाऱ्याला आपण रील बघतोय हे माहीत असतं. पुस्तकाचे दहा मुद्दे ऐकणाऱ्याला आपण पुस्तक वाचलं असं वाटतं, आणि मग ते पुस्तक तो जन्मात उघडत नाही.

गंमत अशी, की ज्या परंपरेचं हे सगळं नाव घेतात ती मुळात अशी नव्हती. सॅम्युअल स्माइल्सचं 'सेल्फ-हेल्प' आलं 1859 साली. या जातीच्या पुस्तकांचं खापरपणजोबाच म्हणा. ते जन्मलं कसं हे त्याने स्वतः प्रस्तावनेत सांगितलंय. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातली दोन-तीन अगदी गरीब पोरं हिवाळ्यातल्या संध्याकाळी एकाच्या घरी जमायला लागली. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. गर्दी झाली म्हणून उन्हाळ्यात बागेत बसले, तिथे पाऊस आला की पाट्यांवरची गणितं धुऊन जायची. पुन्हा थंडी आली तेव्हा एक मोठी कळकट खोली भाड्याने घेतली. ती स्वस्तात मिळाली, कारण आधी तिथे कॉलऱ्याचं तात्पुरतं इस्पितळ होतं आणि भीतीने कुणी फिरकत नव्हतं. तिथे शंभरेक जण वाचन, लेखन, भूगोल, पुढे रसायनशास्त्रसुद्धा एकमेकांना शिकवायला लागले. स्माइल्सला त्यांनी नंतर बोलावलं, जरा काहीतरी बोला म्हणून. म्हणजे बघा, आधी गट आणि मग पुस्तक! आणि पुस्तकाच्या नावावरून लोक याला स्वार्थाची आरती समजतात, नाव चुकलंच, असं नंतरच्या आवृत्तीत स्वतः स्माइल्सच म्हणून गेलाय. हे कुठल्या स्लाइडवर येत नाही.

त्याच्याही आधीचा फ्रँकलिन. फिलाडेल्फियात 1727 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने 'जंटो' नावाचा क्लब काढला. सभासद कोण? काच बसवणारा, चांभार, सुतार, जमीन मोजणारा. संख्या बारावर ठेवली होती. शुक्रवारी जमायचं, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने स्वतः निबंध लिहून आणायचा. ठासून बोललं किंवा समोरच्याला तोंडावर 'तू चूक' म्हटलं की दंड. (हा नियम आमच्या डिझाइन मीटिंगला लावला तर कंपनीचा एका तिमाहीचा खर्च निघेल.) आणि दर बैठकीत विचारायचे काही ठरलेले प्रश्न होते. त्यातला एक असा, की ओळखीच्या कुणाचा धंदा अलीकडे बुडाला का, आणि कारण काय ऐकलंत? दुसरा, नव्याने सुरुवात करणारा कुणी होतकरू तरुण आहे का, ज्याला आपल्याला हातभार लावता येईल? हे वाचलं तेव्हा मला तो कोंबडा पुन्हा ऐकू आला.

आणि लांब कशाला जायचं? मुंबईत 1848 साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. निबंध वाचायचे, चर्चा करायची. मराठी आणि गुजराती मुलांसाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. निबंध वाचता वाचता पुढच्याच वर्षी या पोरांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या, आणि सुरुवातीला शिकवलंही त्यांनीच, फुकट. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच, तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे. म्हणजे माझ्या मावसभावाच्याच वयाचे! त्या वर्षी त्यांनी किती पुस्तकं 'पूर्ण' केली याची नोंद माझ्या पाहण्यात नाही.

असो. नुसती टीका करून मोकळं होणं मलाही बरं दिसेना, म्हणून गेल्या दिवाळीनंतर वेगळा गट सुरू केला. तो काढण्याआधी उदगीरला फोन केला. पहिली पाच मिनिटं फार वाईट गेली. त्या रविवारबद्दल मी माफी मागितली, एक्सेल शीटचंही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुमच्या त्या दोघांचं काय झालं?" एकाचं माहीत होतं, दुसऱ्याचं नव्हतं. तेही सांगितलं.

आम्ही सात जण आहोत. रविवारी रात्री नऊला. एक पुस्तक दीड-दोन महिने चालतं, आठवड्याला तीस-चाळीस पानं. वाचलं नसेल तरी यायचं, पण तसं सांगायचं. सारांश कुणी करायचा नाही, जिथे अडलं किंवा जिथे पटलं नाही तेवढंच वाचून दाखवायचं. कॅमेऱ्याची सक्ती नाही, उदगीरला रेंज जाते. एकाने पानभर लिहून आणायचं, हाताने लिहा नाहीतर टाइप करा, पण स्वतःचं. सुरुवातीला मावसभाऊ वैतागला. "दादा, यात अ‍ॅक्शनेबल काय आहे?" म्हटलं, थांब जरा.

पहिलं पुस्तक घेतलं माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. 1955 चं, अंगाने लहानसं. मुद्दाम घेतलं, कारण ती पहिल्या नोकरीची गोष्ट आहे हो! पोरगेलासा मास्तर, औंध संस्थानातली धनगरांची वाडी, शाळेत यायला मुलंच नाहीत. हळूहळू गाव त्याला आपला म्हणतं, सगळे मिळून तालीम बांधतात. मग पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडतात आणि शाळा राहत नाही. न्यू जर्सीची मुलगी म्हणाली, तिला मास्तराचा रागच आला, एवढं करून त्याने शेवटी नुसतं निघून कसं जायचं? त्यावर पाऊण तास भांडण. मावसभावाने चक्क आवाज चढवला. (दंड पंचवीस रुपये, अजून दिलेला नाही.) मग उदगीरकर म्हणाले, "पाऊस पडला नाही, यात मास्तरची जबाबदारी किती, हे कुणी विचारलं नाही का त्याला?"

आधी सगळे हसलो. मग मावसभाऊ हसायचा थांबला. त्या 'माइंडसेट'वाल्या रविवारी स्लाइड्स त्याच्याच होत्या.

त्या रात्री कॉल साडेबारापर्यंत चालला. शेवटचा दीड तास पुस्तक बाजूलाच राहिलं. उदगीरच्या मुलाने स्वतःचा रेझ्युमे स्क्रीनवर लावला आणि आम्ही सहा जणांनी ओळ न ओळ रिव्ह्यू केली. मी दोन ठिकाणी रेफर केलं. एक गेलं. दुसरीकडे दोन फेऱ्या झाल्यात, तिसरीचं अजून कळलेलं नाही. तोवर तो तिथल्याच एका ट्रॅक्टरच्या शोरूमचं बिलिंग सॉफ्टवेअर बघतो, आणि त्यातल्या बगच्या गोष्टी सांगतो त्या पुस्तकांपेक्षा भारी असतात.

मावसभावाचा मूळ गट अजून चालू आहे, एकतिसावं पुस्तक झालं म्हणे या वर्षीचं. तो दोन्हीकडे येतो. सकाळी सातला तिकडे, रात्री नऊला इकडे. पुढच्या रविवारपासून आम्ही दया पवारांचं 'बलुतं' घेतोय. उदगीरला प्रत मिळेना म्हणून माझी कुरियरने पाठवलीय, समासात माझी वीस वर्षांपूर्वीची पेन्सिल आहे. तो म्हणतो, निम्म्या ठिकाणी तुम्ही चुकलात. बघू.