राजाची थोरवी कशात?

इतिहासाच्या तासाला संस्थानांचा विषय निघाला, की वंशावळी व सनावळ्या पाठ करून आपण समाधान मानतो. कोणी किती किल्ले घेतले, किती मुलूख जोडला, यावरून राजाची थोरवी ठरवावयाची, हा आपला जुना परिपाठ. औंध संस्थानाचा इतिहास हे माप अपुरे ठरवितो, असे आमचे नम्र मत आहे.

मिळविण्याचा पराक्रम या घराण्यातही होताच. छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असता 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झाले. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले. १६९२ साली मोगलांच्या हातून पन्हाळा सोडविणारे ते हेच. त्यांच्या वंशजांचे राज्य इंग्रजी अमलात मात्र अगदी लहान उरले. औंध, किन्हई, आटपाडी, कुंडल असे विखुरलेले तुकडे. १९४१च्या शिरगणतीत वस्ती एक लाखाच्याही आत.

१९०९ साली गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकलेचे भोक्ते आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून सर्वश्रुत आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनी कुंडलनजीकच्या माळावर जागा दिली. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. परंतु आमच्या मते त्यांची खरी थोरवी निराळीच आहे. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन, पुत्र आप्पासाहेब व मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने त्यांनी नवी राज्यघटना सिद्ध करविली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. गावोगावी निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुक्याच्या सभा व सर्वांवर विधिमंडळ, अशी ती रचना होती. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतीवाचूनचा तुरुंग उभा राहिला. तेथे कैद्यांवर पहाऱ्याऐवजी विश्वास टाकला जाई.

कोणी म्हणेल, एवढ्याशा राज्याचा त्याग तो केवढा? शिवाय संस्थानी प्रजेच्या चळवळी तेव्हा देशभर जोर धरीत होत्याच. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. तथापि तीच हवा औंधहून कितीतरी मोठ्या दरबारांतही वाहत होती, आणि त्यांतील बहुतेकांनी दारे घट्ट लावून घेतली. १९३९ साली इंग्रजी सत्ता शाबूत होती. संस्थाने लवकरच विलीन होतील, असे भाकीत करण्याचे धाडस फार थोड्यांनी केले असते. दार ठोठावले जाण्यापूर्वी उघडणे व ते मोडल्यावर बाजूस सरणे, यांत मोठे अंतर आहे.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले; तथापि नऊ वर्षे आपल्या गावचा कारभार आपणच पाहिल्याचा अनुभव तेथील शेतकऱ्यांच्या पदरी राहिला. ही कमाई एखाद्या जिंकलेल्या किल्ल्याहून आम्हांस मोलाची वाटते.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, पुढील वेळी एखाद्या राजाचे चरित्र वाचाल तेव्हा त्याने काय मिळविले याबरोबर काय सोडले, आणि ते कोणाच्या हाती दिले, हेही अवश्य विचारा. वर्गाचे पुढारपण वाट्यास आले, तर हाच प्रश्न स्वतःसही विचारा. आणि पालकहो, मुले चुकतील या भयाने घरातील प्रत्येक किल्ली आपण स्वतःच्याच कनवटीस ठेवीत असाल, तर औंधच्या वृद्ध राजाचे स्मरण करावे, ही विनंती.