स्वॅपचा साठा नव्हे, विसर्ग बघा!



आज एका आकड्याबद्दल बोलायचं आहे. एका आकड्यामुळे आमच्या भागातल्या एका शाळेतले बारा संगणक भंगारात जाता जाता राहिले, म्हणून हा लेखप्रपंच.

झालं असं, की गेल्या वर्षी त्या शाळेच्या संगणक कक्षाची तपासणी झाली. संगणक जुने. प्रत्येकात २ जीबी रॅम, तेवढाच स्वॅप आणि लिनक्स. तपासणाऱ्या गृहस्थांनी प्रत्येक मशीनवर 'फ्री' ही आज्ञा दिली, स्वॅपच्या ओळीतला 'वापरलेला' आकडा वहीत उतरवला आणि खाली शेरा मारला, 'मेमरी अपुरी, निर्लेखित करावे.' एका मशीनवर ६०० एमबी, दुसऱ्यावर ८००. झाली यादी तयार! ज्या गावात मुलांना दुसरीकडे कुठे कळफलकाला हात लावायला मिळत नाही, तिथे बारा संगणक जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं सरळ आहे. तो आकडा खोटा नव्हता, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. कसं ते पाहूया.

पान बाहेर जातं म्हणजे काय होतं?

ऑपरेटिंग सिस्टिम रॅमचे सारखे तुकडे पाडते. एका तुकड्याला पेज, म्हणजे पान म्हणतात. आपल्या नेहमीच्या संगणकात एक पान ४ केबीचं असतं. ४ केबी म्हणजे किती लहान? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला. त्याची मुख्य मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे १० केबी होती. तेव्हाची ती सगळी मेमरी आज अडीच पानांत मावते! आणि वरचे ६०० एमबी म्हणजे अशी १,५३,६०० पानं.

प्रत्येक प्रोग्रॅमसाठी सिस्टिम एक पानांचा तक्ता ठेवते. हा तक्ता म्हणजे आपला हजेरीपटच समजा. प्रत्येक पानापुढे एक बिट असतो. पान रॅममध्ये असेल तर 'हजर'. रॅम कमी पडली, की बराच वेळ कोणी हात न लावलेली पानं सिस्टिम डिस्कवरच्या स्वॅप जागेत नेऊन ठेवते आणि 'हजर' बिट पुसते. मग त्याच रकान्यात ती नोंद करते, की हे पान कोणत्या स्वॅप जागेत, कितव्या खणात ठेवलं. प्रोग्रॅमने ते पान मागितलं, की प्रोसेसर 'गैरहजर' पाहून थांबतो, सिस्टिम नोंद वाचते, पान डिस्कवरून आणते आणि काम पुढे चालू होतं. याला पेज फॉल्ट म्हणतात. नावात फॉल्ट असला तरी हा बिघाड नाही, रोजचा व्यवहार आहे.

दुसऱ्या बाजूला स्वॅपच्या प्रत्येक खणाचीही नोंद असते. या खणावर किती जणांचा हक्क आहे? शून्य असेल तर खण मोकळा. 'फ्री' आज्ञा सांगते ती एवढंच, की एकूण खणांपैकी भरलेले किती.

आता कळीचा मुद्दा लक्षात घ्या. बाहेर गेलेलं पान आपणहून परत येत नाही. कोणी मागितलं तरच येतं. सकाळी मुलांनी ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले, रॅम भरली, पानं बाहेर गेली. दुपारी टॅब बंद झाले, रॅम मोकळी झाली. पण इतर प्रोग्रॅमची जी पानं बाहेर गेली आणि ज्यांची कोणाला गरजच पडली नाही, ती तिथेच पडून राहतात. संध्याकाळी आकडा पाहाल तर ६०० एमबी! मशीन मात्र निवांत. उलट काही पानं रॅममध्ये परत आली तरी त्यांचा खण लगेच मोकळा करत नाहीत. पान बदललं नाही तर पुढच्या वेळी ते पुन्हा लिहायचे कष्ट वाचतात. म्हणजे 'वापरलेला' आकड्यात दोन्हीकडे असलेली पानंही धरलेली असतात.

येलदरीच्या पोरांना हे आधीच कळतं

त्याच शाळेत मी हे फळ्यावर समजावत होतो, तर येलदरीची एक मुलगी म्हणाली, "सर, धरण भरलं म्हणून कोणी पूल बंद करत नाही. पाणी सोडलं की करतात."

अहो, हेच तर सगळं आहे! पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाची एकूण क्षमता ९३४.४४ दलघमी. त्यातला मृत साठा १२४.६७ आणि जिवंत साठा ८०९.७७. पावसाळ्यात रोज मोबाइलवर निरोप येतो, त्यात दोन वेगळे आकडे असतात. एक साठा, दलघमीमध्ये किंवा टक्क्यांत. दुसरा विसर्ग, क्युसेकमध्ये. साठा म्हणजे किती पाणी उभं आहे, विसर्ग म्हणजे दर सेकंदाला किती पाणी जातंय. नदीकाठचा माणूस शंभर टक्के ऐकून खूश होतो, रब्बीची चिंता मिटली म्हणतो. गुरं वर आणतो ती विसर्ग वाढल्यावर. खाली सिद्धेश्वरवर बसलेल्या माणसालाही येलदरीतून किती पाणी निघालं, हेच आधी हवं असतं.

स्वॅपचा 'वापरलेला' आकडा हा साठा आहे. मशीनचा त्रास विसर्गात असतो.

ही तुलना एका जागी तुटते, तेही सांगायला हवं. धरणातला मृत साठा कालव्याला मिळत नाही. स्वॅपमधलं पडून राहिलेलं पान मात्र मागितलं की मिळतंच, फक्त उशिरा.

मग विसर्ग कुठे दिसतो?

लिनक्सवर 'व्हीएमस्टॅट' आज्ञा देऊन पुढे १ लिहा. दर सेकंदाला एक ओळ येते. त्यात 'एसआय' आणि 'एसओ' असे दोन रकाने असतात. पहिला डिस्कवरून दर सेकंदाला आत आलेले केबी, दुसरा बाहेर गेलेले केबी. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू केल्यापासूनची सरासरी असते. मुलं काम करत असताना दोन्ही रकान्यांत शून्य येत राहिलं, तर साठा ६०० असो की ८००, काळजी नको. दोन्ही रकाने सतत हजारांत असतील, तर साठा २०० असला तरी मशीन गुदमरतंय. साध्या हार्ड डिस्कवरून एक पान आणायला काही मिलिसेकंद जातात, रॅमचं काम सेकंदाच्या कोट्यंशात होतं. आणलेलं पान लगेच बाहेर, बाहेरचं लगेच आत, असं सुरू झालं की प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच त्याची कारणं मांडली होती. एखाद्या प्रोग्रॅमला त्या घडीला जेवढी पानं हाताशी लागतात तेवढीही रॅममध्ये मावली नाहीत, की हे होतं. म्हणजे प्रश्न किती पानं बाहेर आहेत हा नाही. बाहेर असलेली पानं लागतायत का, हा आहे.

विंडोजवर काम करणाऱ्यांनी रिसोर्स मॉनिटरमध्ये दर सेकंदाचे 'हार्ड फॉल्ट' पाहावेत. टास्क मॅनेजरमधला 'कमिटेड' आकडा हा सिस्टिमने दिलेल्या मेमरीच्या वचनाचा असतो. तेवढं पेजफाइलमध्ये गेलं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

हिशेब का जुळत नाही?

एका विद्यार्थ्याने प्रत्येक प्रोग्रॅमच्या 'स्टेटस' फाइलमधली 'व्हीएमस्वॅप' ही ओळ घेऊन सगळ्यांची बेरीज केली. ती 'फ्री'च्या आकड्याशी जुळेना. तो म्हणाला, माझं चुकलं. मी म्हटलं, तुझं नाही चुकलं. सामाईक सातबाऱ्याचं उदाहरण घे. तिघा भावांची मिळून पाच एकर जमीन. प्रत्येकाला विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, आमची पाच एकर. बेरीज पंधरा! एकाच पानावर तीन प्रोग्रॅमचा हक्क असेल तर ते तिघांच्या नावावर मोजलं जातं. उलट, प्रोग्रॅमनी आपसात वाटून घेतलेल्या मेमरीची काही पानं या ओळीत कोणाच्याच नावावर येत नाहीत. ज्याला वाटणीनुसार हिशेब हवा, त्याने 'स्मॅप्स' फाइलमधला 'स्वॅप-पीएसएस' पाहावा. तिथे पान जितक्यांचं, तितके भाग करतात.

'मग स्वॅप बंदच करा ना!'

असंही काही जण सुचवतात. बंद केल्यावर आकडा शून्य होतो खरा. पण प्रोग्रॅमच्या सूचनांची पानं डिस्कवरच्या मूळ फाइलमधून पुन्हा वाचता येतात, म्हणून रॅम भरली की सिस्टिम तीच टाकून देते आणि परत परत वाचते. स्वॅप शून्य, आणि मशीन तरीही ठप्प! त्याहून पुढे गेलं, तर सिस्टिम एखादा प्रोग्रॅमच मारून टाकते, आणि मुलीने अर्धा तास टाइप केलेला निबंध जातो. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे आजार नाही, तसा शून्य म्हणजे आरोग्यही नाही.

दुकानात '८ अधिक ८ जीबी रॅम' सांगून फोन विकतात, तेव्हाही हेच ध्यानात ठेवा. दुसरे ८ जीबी रॅम नव्हे, स्टोरेजमधून काढलेली स्वॅपची जागा असते.

शेवटी काय झालं?

आम्ही तीन दिवस, तासिका चालू असताना, बाराही मशीनचे ते दोन रकाने वहीत लिहिले. नोंदी मुलांनीच घेतल्या. नऊ मशीनवर जवळजवळ सगळीकडे शून्य. तीन खरंच गुदमरत होत्या. दोघींना जुनी रॅम मिळाली, एकीची डिस्कच गेली होती, ती यादीत राहिली. म्हणजे तपासणाऱ्याचं अगदीच चुकलं होतं असं नाही, पण बारापैकी नऊ वेळा चुकलं होतं.

बारावीच्या संगणक शास्त्रात आपण पेजिंग आणि व्हर्च्युअल मेमरी शिकवतो. मुलं व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात. पण 'फ्री'ची एक ओळ समोर ठेवून, 'हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही?' असा प्रश्न आपण किती वेळा विचारतो? माझ्या मते व्याख्येला एक गुण पुरे, उरलेले या प्रश्नाला द्यावेत. हीच पोरं उद्या पटसंख्या, टक्केवारी, पीक आणेवारीचे आकडे वाचणार आहेत. आकडा दिसला की साठा आहे की विसर्ग, हे विचारायची सवय इथेच लागली पाहिजे.

तुमच्या शाळेत निर्लेखनाची यादी निघाली असेल, तर सही करण्याआधी एक तासिका ते दोन रकाने बघा. काय दिसलं ते मुलांना फळ्यावर लिहायला सांगा.